भिंतीची चव

सकाळी सातच्या सुमाराला ते मागल्या खोलीच्या दाराशी यायचे, चपला बाहेर काढायचे, उजव्या हाताचं बोट जिभेला लावून भिंतीवर फिरवायचे आणि पुन्हा जिभेवर ठेवायचे. डोळे मिटून थोडा वेळ तसेच उभे. मग बाहेर येऊन दोनांतलं एक वाक्य बोलायचे. "पेटवा," नाहीतर "आज गोळ्या नाहीत." दुसरं वाक्य आलं की कामावरच्या बाया खोचलेला पदर सोडून मुकाट्याने घरी जायच्या. का, असं कुणी विचारायचं नाही. भिंत खारट लागली, एवढं कारण तिथे पुरायचं.

मी हे पहिल्यांदा जिन्यात उभी राहून पाहिलं, तेव्हा मनात म्हटलं, झालं, वेड्याच्या घरात भाड्याने राहायला आलो आपण.

मी घाटावरची. वडिलांचं गुऱ्हाळ होतं, त्यामुळे साखरेचं मला कौतुक नव्हतं. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील, वसईच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी लागली आणि मी खोली शोधत, होळी म्हणतात त्या भागातल्या बाजारातून किल्ल्याच्या अंगाला चालत निघाले. इमारत दिसायच्या आधी तिचा वास आला. लिंबाचा, बडीशेपेचा आणि त्याखाली कढत पाकाचा. खाली कारखाना, वर दोन खोल्या. कारखाना म्हणजे दोन भट्ट्या, चार बाया आणि ते. होळीच्या बाजारात सगळे त्यांना 'गोळीवाले' म्हणायचे. मी काका म्हणायला लागले. ते मला शेवटपर्यंत टीचर म्हणाले.

साठीला आलेले, बिनलग्नाचे. खाकी अर्धी चड्डी, पांढरा सदरा. रविवारी चर्चमध्ये मिसाला जाताना तोच पोशाख, फक्त इस्त्री केलेला. घरच्या माणसांशी ते आपल्या वसईच्या बोलीत बोलायचे, ती मला निम्मी कळायची. माझ्याशी मात्र अगदी पुस्तकातलं मराठी, एकेक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखं. मी एकदा म्हटलं, "काका, माझ्याशी पण तुमचं घरचं बोला की." तर म्हणाले, "टीचरशी? तुम्ही मार्क कापाल."

आजोबांनी सुरू केलेला धंदा. लिमलेटच्या गोळ्या, बडीशेपेच्या गोळ्या, पाडव्याला साखरेच्या गाठी आणि ईस्टरला साखरेची अंडी. इमारत आजोबांच्याही फार आधीची. किती आधीची, याचं उत्तर ते रोज वेगळं द्यायचे. कधी ते पोर्तुगीजांच्या वेळचं साखरेचं कोठार असायचं, कारण तेव्हा म्हणे वसईत ऊस उभा असायचा. कधी पाद्रीसाहेबाचा मठ. एकदा तर हत्ती बांधायची जागा. मी म्हटलं, "हत्ती या दारातून आत कसा येणार?" त्यावर शांतपणे म्हणाले, "लहान असताना आणला असेल."

भिंती हात-दीड हात जाडीच्या. मागल्या खोलीच्या खिडक्यांना काचा नव्हत्या, घासून पातळ केलेल्या शिंपल्यांची तावदानं होती. बाहेर रणरणतं ऊन असलं तरी आत यायचा तो दुधात पाणी घातल्यासारखा उजेड. त्या उजेडात दोऱ्यांवर गाठी लटकत असायच्या, फळ्यांवर गोळ्या पसरलेल्या असायच्या आणि हवेत साखरेची इतकी बारीक भुकटी तरंगायची की दाराशी नुसतं उभं राहिलं तरी ओठ गोड व्हायचे. शनिवारी दुपारी शाळेतून आले की मी खाटेवर पडायचे. फळ्यांच्या जमिनीतून वाफ वर यायची, खाली कुणीतरी बाई पाक घोटताना गुणगुणत असायची, आणि मी झोपेत की जागी ते मलाच कळायचं नाही. वडिलांचं गुऱ्हाळ, इथली कढई, किल्ल्यामागचा समुद्र, सगळं एकमेकांत विरघळून जायचं. आयुष्यात इतकी स्वस्थ झोप मला पुन्हा कुठे लागली नाही. माझ्या साड्यांना, वह्यांना तो वास चिकटला होता. मुली वही परत मिळाली की आधी हुंगायच्या, मग मार्क बघायच्या.

त्या इमारतीला ते 'ही' म्हणायचे. मी आरसा लावायला खिळा ठोकायला घेतला, तर पहिल्या ठोक्याला खालून धावत वर आले. "टीचर, हिला टोचतं." शेवटी आरसा खुर्चीवर ठेवला आणि मी सहा वर्षं वाकून भांग पाडला. त्यांच्या खोलीतलं कॅलेंडरसुद्धा खुर्चीवर बसलेलं असायचं. पाहुणा आला की कॅलेंडर उठायचं.

दरवर्षी पावसाआधी भिंतींची डागडुजी चालायची, तीही त्यांच्या पद्धतीने. कळंबच्या किनाऱ्यावरून शिंपल्यांची पोती यायची. ते शिंपले भाजून चुना करायचा, आणि वर्षभर साठवलेली कढयांची खरवड, फुटक्या गोळ्या, उरलेला पाक, सगळं त्यात कालवायचं. तिन्ही पिढ्यांनी हेच केलं होतं. सिमेंटचं नाव काढलेलं त्यांना चालायचं नाही. "सिमेंट तोंड मिटून बसतं," म्हणायचे. "चुना श्वास घेतो. ओल आली की पोटातलं मीठ वर आणतो, मग साखर सुकत नाही. पाऊस येणार असला की हिला आधी कळतं, मग वर्तमानपत्राला." मुंग्यांची एक रांग त्या भिंतीवरून बारा महिने चाललेली असायची. ती झाडायची परवानगी कुणाला नव्हती.

एकदा मुंबईच्या कॉलेजातले एक प्राध्यापक मुलांना घेऊन इमारत मोजायला आले. टेप लावले, नकाशे काढले. हिचं वय काय असेल, असं त्यांनी विचारल्यावर काका म्हणाले, "चाखून बघा." सगळे हसले. एका मुलीने मात्र खरंच बोट लावून चाखलं आणि म्हणाली, "गोड आहे, सर." काकांनी तिला लिमलेटचा अख्खा पुडा दिला आणि बाकीच्यांना पाणी.

गाठींचे साचे सागवानी, आजोबांनी स्वतः कोरलेले. त्यात मधलं पदक म्हणजे चार पाकळ्यांचं फूल. आडव्या दोन, उभ्या दोन, आणि खालची जराशी लांब. मी एक दिवस नीट निरखून पाहिलं आणि म्हटलं, "काका, हा तर क्रूस आहे." ते साचा पुसत म्हणाले, "फूल म्हटलं तर फूल." वसईतल्या कितीतरी गुढ्यांवर तो बिनबोभाट लटकायचा. गिऱ्हाइकांना ठाऊक नव्हतं असं नाही. गाठ गोड आणि खुटखुटीत असली की झालं.

आता त्या चाळीस दिवसांचं सांगते. ते सांगताना अजून माझी मान खाली जाते.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत त्यांचा उपास असायचा, आणि त्या काळात ते साखरेचा कण जिभेवर ठेवायचे नाहीत. गोळीवाल्याने साखर सोडायची म्हणजे केवढी पंचाईत बघा. नेमका पाडव्याच्या गाठींचा आणि ईस्टरच्या अंड्यांचा हंगाम तोच. पाक चाखणार कोण? कामावरच्या तीन बाया त्यांच्याच धर्माच्या, त्यांचाही उपास. चौथी, जिला सगळे मावशी म्हणायचे, ती मिठागराकडच्या गावची, पण तिच्या तोंडात कायम तंबाखूची मिशरी. उरले मी. पहिल्याच वर्षी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ते वर आले आणि म्हणाले, "टीचर, तुम्ही उसाच्या मुलखातल्या. चाळीस दिवस तुमची जीभ मला उसनी द्या."

पाक चाखायचं काम मला आवडलं. पण त्याबरोबर भिंतही आली. ते म्हणाले, "भिंतीत साखर आहे. मला चालत नाही." शाळेला जायच्या आधी मागल्या खोलीत जायचं, भिंत चाखायची आणि खारट की बरी ते सांगायचं. त्यावर भट्टी पेटणार.

पहिले तीन दिवस मी चाखली. मग मला स्वतःचाच राग आला. मी विज्ञानाची शिक्षिका, आणि सकाळी उठून भिंत चाटते? चौथ्या दिवसापासून मी आत जायचे, पन्नासपर्यंत आकडे मोजायचे, बाहेर येऊन म्हणायचे, "बरी आहे, काका." ते मान डोलवायचे आणि भट्टी पेटायची. कधीमधी विश्वास बसावा म्हणून एखादा दिवस "खारट" म्हणायचे. बहुतेक मला शाळेत जादा तास असायचा, त्या दिवशी. शाळेत प्रयोग न करता निरीक्षण लिहिणाऱ्या पोरींच्या वह्या मी भिरकावून द्यायचे, आणि इथे मी तीन वर्षं तेच करत होते. तीन वर्षं काही बिघडलं नाही, म्हणून मला वाटलं की माझं बरोबर आहे.

चौथ्या वर्षी शेजारच्या वाडीत इमारतीचं काम निघालं. तेव्हा वसईत सगळीकडे तेच चाललं होतं, केळीच्या बागा जाऊन चार-चार मजले उठत होते. उपास सुरू झाला त्याच सुमाराला त्या बांधकामवाल्यांनी पाणी साठवायला विटांचं एक टाकं बांधलं, नेमकं आमच्या मागल्या भिंतीला टेकून. कुंपणापलीकडे होतं, आम्हाला ते दिसतही नव्हतं.

त्या वर्षी गाठी सुकेनात. दोऱ्यावर लटकवलेल्या गाठी दुसऱ्या दिवशी एकमेकींना चिकटलेल्या असायच्या. अंड्यांना पाझर फुटायचा. काका रोज सकाळी जिन्याखाली उभे राहून विचारायचे, "टीचर, भिंत काय म्हणते?" आणि मी म्हणायचे, "बरी आहे." एकदा मावशी मला बाजूला घेऊन म्हणाली, "टीचर, भितीला पानी लागलंय वाटतं. मुंग्या पन गेल्यात." मुंग्या गेल्या हे मलाही दिसलं होतं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं. मी तिला म्हटलं, "उन्हाळ्यात कुठलं आलंय पाणी?"

काकांनी साखर बदलून पाहिली. पाक जास्त कढवला, मग कमी कढवला. एका संध्याकाळी कढईशेजारी बसून ते आपल्या हाताकडे बघत होते. मला पाहून म्हणाले, "भिंत बरी आहे, साखर बरी आहे. म्हणजे माझा हात गेला, टीचर. बाबांचाही असाच शेवटी गेला होता." मी तिथे उभी होते. त्याच क्षणी बोलायला हवं होतं, पण मी वह्या उचलून जिना चढले.

ईस्टरच्या आठवडाभर आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी, दुपारी, मी वर पेपर तपासत होते. धान्याचं पोतं ओतावं तसा आवाज झाला आणि जमीन थरथरली. खाली धावले तर मागल्या खोलीचा कोपरा बाहेरच्या बाजूला बसला होता. कुणाला लागलं नव्हतं, बाया जेवायला गेल्या होत्या. खिंडारातून पलीकडचं हिरवं शेवाळलेलं टाकं दिसत होतं आणि त्याच्या तळातून पाणी झिरपत होतं. सगळ्या खोलीत पांढरी धूळ होती. शिंपल्यांच्या तावदानांतून येणारा तो उजेड अजून तसाच होता आणि धुळीला बडीशेपेचा वास येत होता.

काकांचा धाकटा भाऊ वांद्र्याला नोकरीला होता, तो संध्याकाळी आला. माणूस वाईट नव्हता. बांधकामवाल्यांनी त्याच्याशी आधीच बोलणं केलेलं होतं. ही इमारत पाडून नवी बांधायची, खाली दुकान, वर दोघा भावांना जागा. भाऊ म्हणाला, "दादा, आता तरी ऐक. ही उभी राहत नाही. उद्या कुणाच्या डोक्यावर पडली म्हणजे?" काका पडलेल्या कोपऱ्याकडे बघत बसले होते. मान न वळवता म्हणाले, "हात गेला, आता भिंतही गेली. तू म्हणतोस तसं कर. कागद घेऊन ये."

मी म्हटलं, "काका, तुमचा हात गेलेला नाही. मी भिंत चाखलीच नाही."

त्यांनी वर पाहिलं. "आज?"

"आज नाही, काल नाही. कधीच नाही. पहिल्या वर्षी तीन दिवस चाखली, तेवढीच."

भाऊ माझ्याकडे आणि मग दादाकडे बघत राहिला. मला वाटलं, आता काका ओरडतील. ओरडले असते तर मला फार बरं वाटलं असतं. ते नुसते म्हणाले, "तीन दिवस." मग उठले, उभ्या भिंतीपाशी गेले आणि दोन्ही तळवे तिच्यावर ठेवून उभे राहिले. बोट जिभेपर्यंत गेलं आणि परत आलं. उपासाचा आठवडा अजून शिल्लक होता.

"या," म्हणाले. "आता चाखा."

मी बोट लावलं. समुद्राचं पाणी प्यावं तशी ती भिंत होती. "मीठ," मी म्हटलं. "नुसतं मीठ."

"कुठपर्यंत?"

मी वरून पर्समधला शाळेचा खडू आणला. मग कोपऱ्यापासून सुरुवात करून वीत वीत भिंत चाखत गेले. खाली बसून, उभं राहून, स्टुलावर चढून. खारट लागलं तिथे फुली, बरं लागलं तिथे गोल. मावशी तांब्याने चूळ भरायला पाणी देत होती. धाकटा भाऊ हातातली पिशवी खाली न ठेवता बघत होता. त्या कोपऱ्यापासून दहा-बारा हात फुल्या पडल्या. मग एक जागा आली जिथे बोट जिभेवर ठेवलं आणि मी थांबले. चुन्याच्या आड कुठेतरी खोल, अगदी पुसट, जुना पाक होता. माझ्या वडिलांच्या गुऱ्हाळातली काहिल धुताना यायचा तसा. चार वर्षं मी त्या भिंतीच्या वरच निजत होते आणि ती गोड आहे हे मला त्या दिवशी कळलं. मी तिथे गोल काढला आणि मला रडू आलं.

बाकी सगळे गोलच निघाले. उरलेल्या तिन्ही भिंतींवर गोल. काकांनी खडूच्या खुणा पाहिल्या, भावाला म्हणाले, "हिला फक्त कोपऱ्यात दुखलंय." भावाने पिशवी ठेवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि कुंपण ओलांडून टाकं रिकामं करायला सांगायला गेला. कागदाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

त्या पाडव्याला आमच्याकडच्या गाठी बाजारात गेल्या नाहीत. ईस्टरची अंडीही नाहीत. खराब झालेल्या सगळ्या गाठी, सगळी अंडी, आणि त्यातली शेकडो चार पाकळ्यांची फुलं आम्ही उखळात कुटली. मी सुट्टीत गावाला न जाता रोज कुटायला बसले. मला कुणी बसवलं नव्हतं आणि कुणी उठ म्हटलंही नाही. ती भुकटी शिंपल्यांच्या चुन्यात कालवून दोन म्हाताऱ्या गवंड्यांनी पावसाआधी कोपरा उभा केला. अख्खा एक हंगाम त्या भिंतीत गेला.

काका माझ्याशी वाईट वागले नाहीत. पण दर शनिवारी जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझ्यासाठी लिमलेटची पुडी ठेवलेली असायची, ती ठेवणं बंद झालं. ईस्टरनंतर ते पुन्हा स्वतः भिंत चाखायला लागले आणि मी त्या वेळी वरच थांबायचे. शाळेतल्या एका बाईंना मी दुसरी खोली बघून ठेवायला सांगितलं. पुढचा राखेचा बुधवार जवळ येत होता आणि तो मला तिथे असताना उजाडायला नको होता. त्यांनी दुसऱ्या कुणाची जीभ मागितलेली माझ्याच्याने बघवली नसती.

पण खोली काही मिळाली नाही. बुधवारी सकाळी दार वाजलं. कपाळावर राखेचा क्रूस, इस्त्रीचा सदरा, हातात पाण्याचा तांब्या.

"टीचर," म्हणाले, "आजपासून चाळीस दिवस."

मी त्यांच्या मागोमाग खाली उतरले. चपला काढल्या. आत शिंपल्यांतून उजेड येत होता. नव्या कोपऱ्याचा रंग अजून वेगळा दिसत होता. जुन्या भिंतीवरून निघालेली मुंग्यांची रांग त्याच्या कडेपर्यंत येऊन परत फिरत होती. मी जुन्या भिंतीला बोट लावलं, मग नव्या भिंतीला. पुन्हा एकदा लावलं. नव्या चुन्याने जीभ चरचरली. त्यात खारटपणा होता की नव्हता, मला खरंच सांगता येईना. दाराबाहेर चारही बाया पदर खोचून उभ्या होत्या, भट्टीत लाकडं रचून झाली होती. मावशीने तर एक लाकूड शिलगावलंही होतं.

"काय म्हणते?" काकांनी विचारलं.

माझ्या तोंडात सवयीने तेच आलं होतं. ते गिळून मी म्हटलं, "मला नक्की कळत नाही, काका."

त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला. मग बायांकडे वळले.

"विझवा," म्हणाले. "आज गोळ्या नाहीत."